तांबरमचे आरोग्यधाम आणि मद्रासचा प्रयोग : वैद्यकीय संशोधनाने कोणता प्रश्न विचारावा?

चेन्नई शहराच्या दक्षिणेस उपनगरी लोहमार्गावर ‘तांबरम सॅनेटोरियम’ या नावाचे एक स्थानक आहे. डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ मध्ये तेथे क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम उघडले, त्यावरून या स्थानकास ते नाव पडले. पुढे १९३७ मध्ये मद्रास सरकारने ती संस्था आपल्याकडे घेतली. आज तेथे छातीच्या विकारांचे मोठे शासकीय रुग्णालय आहे. आरोग्यधाम ही कल्पना मात्र वैद्यकाने केव्हाच मागे टाकली. क्षयरोग्याला घरापासून दूर, मोकळ्या हवेत महिनोन् महिने ठेवल्यावाचून तो बरा व्हावयाचा नाही, ही एके काळची सर्वमान्य समजूत होती. ती टिकली नाही याचे श्रेय कोणा वक्त्याच्या युक्तिवादाला नाही. त्याच मद्रास शहरात शांतपणे पार पडलेल्या एका तुलनात्मक प्रयोगाला ते आहे. या प्रयोगाचा इतिहास आणि त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्या निष्कर्षांचे जे झाले तो इतिहास, हे दोन्ही आपल्या देशातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने मननपूर्वक अभ्यासावेत, अशा योग्यतेचे आहेत.

आरोग्यधामाच्या कल्पनेची थट्टा करणे आज सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिले, तरी त्या जंतूंना मारणारे औषध वैद्यांच्या हाती येण्यास आणखी सहा दशके जावी लागली. तोवर विश्रांती, सकस आहार आणि शुद्ध हवा यांखेरीज रोग्याला देण्यासारखे काही नव्हते. युरोपात डोंगरमाथ्यावर आणि अरण्यांच्या कडेला आरोग्यधामे उभी राहिली. महाराष्ट्रात मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी हीच कल्पना रुजली. डॉ. मुथू यांनी स्वतः इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांच्या परिसरात असे एक आरोग्यधाम चालविले होते आणि तोच अनुभव घेऊन ते तांबरमला आले. रोग्याची सेवा ते निष्ठेने करीत, यात शंका नाही. परंतु निष्ठा हा एक गुण आहे आणि पुरावा ही दुसरीच गोष्ट आहे. आरोग्यधामातून बरे होऊन बाहेर पडणारे रोगी सर्वांना दिसत असत; तेच रोगी तेथे न जाते तर त्यांचे काय झाले असते, हे कोणालाच दिसत नव्हते. ज्या उपचाराची दुसऱ्या उपचाराशी रीतसर तुलना झालेली नाही, त्याच्या यशाविषयी वैद्याचे मत कितीही अनुभवसिद्ध असले तरी ते मतच राहते.

रोगनिदानाच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. मेंडिप टेकड्यांतील डॉ. मुथूंच्या आरोग्यधामात १९१७ च्या सुमारास एक भारतीय तरुण रोगी म्हणून दाखल झाला होता. तो म्हणजे गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांना क्षय झाला आहे, असे त्या काळी बहुतेक वैद्यांनी मानले आणि त्याच समजुतीने त्यांच्यावर उपचार झाले. १९२० मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या अभ्यासकाने रामानुजन यांच्या आजारपणाच्या उपलब्ध नोंदी तपासल्या. हा आजार क्षय नसून यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, असे मत त्यांनी मांडले. इतक्या वर्षांनंतर याचा अंतिम निर्णय होणे शक्य नाही. तथापि यंग यांचे अनुमान बरोबर असेल तर, त्या काळीही ज्यावर काही उपाय करता आला असता अशा आजारावर एका असामान्य बुद्धीच्या पुरुषाला भलतेच उपचार मिळाले, असे म्हणावे लागते. निदान हा अखेरचा निकाल समजावयाचा नसतो. तो एक तर्क असतो, आणि प्रत्येक तर्काप्रमाणे त्यालाही कसोटी लावावी लागते. आज थुंकीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, जंतुसंवर्धन आणि जंतूंच्या जनुकांवरून काही तासांत उत्तर देणारी यंत्रे, ही साधने उपलब्ध आहेत. तरीही नुसत्या क्ष-किरणचित्रावर किंवा ‘बहुधा क्षयच असावा’ अशा अंदाजावर औषधे सुरू करण्याची सवय सर्वत्र सुटली आहे, असे म्हणवत नाही.

औषधांचे युग आले आणि परिस्थिती झपाट्याने पालटली. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये जिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, ती या औषधाची परीक्षा करताना ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने कोणत्या रोग्याला औषध द्यावयाचे हे वैद्याच्या इच्छेवर न सोडता यदृच्छेने ठरविले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने आखलेली ही पद्धत पुढे वैद्यकीय संशोधनाची आधारशिला ठरली. त्यानंतर पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच पी. ए. एस., प्रचारात आले आणि १९५२ मध्ये स्वस्त व गुणकारी असे आयसोनियाझिड हाती आले. श्रीमंत देशांपुढील प्रश्न यामुळे बराचसा सुटला. कारण त्यांच्याजवळ औषधेही होती आणि खाटाही होत्या. भारतात रोग्यांच्या संख्येपुढे रुग्णालयांतील खाटा अगदीच थोड्या होत्या. तेव्हा येथील खरा प्रश्न वेगळा होता. दाटीवाटीच्या वस्तीत, एका खोलीत, अपुऱ्या अन्नावर राहणाऱ्या गरिबाला औषधे घरीच दिली तर तो बरा होईल काय? आणि तो घरी राहिल्याने त्याच्या बायकामुलांना अधिक धोका पोहोचेल काय?

हा प्रश्न कोणत्याही परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणारा नव्हता. तो या भूमीतून उगवलेला होता आणि त्याचे उत्तरही येथेच शोधावे लागणार होते. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने मद्रासमधील चेटपेट येथे क्षयरोग-रसायनोपचार केंद्र सुरू झाले. त्याच्या पहिल्या वर्षांतील कामाचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. शहरातील गरीब वस्तीतून थुंकीत जंतू असलेले १९३ रोगी निवडण्यात आले. त्यांपैकी काहींवर घरीच आणि काहींवर दक्षिणेतील नावाजलेल्या आरोग्यधामात उपचार करावयाचे ठरले. कोणी कोठे जावे याचा निर्णय यदृच्छेने झाला. औषधे दोन्ही गटांना तीच : आयसोनियाझिड आणि पी. ए. एस., बारा महिने. फरक राहिला तो औषधाबाहेरच्या गोष्टींत. आरोग्यधामातील रोग्याला विश्रांती, परिचारिकांची देखरेख आणि पोटभर सकस अन्न मिळत होते. घरच्या रोग्याला गर्दी, काबाडकष्ट आणि तुटपुंजा आहार यांतच दिवस काढावयाचे होते.

१९५९ मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस आरोग्यधामातील ९२ टक्के आणि घरी उपचार घेतलेल्या ८६ टक्के रोग्यांच्या थुंकीतून जंतू नाहीसे होऊन रोग शांत झाला होता. आरोग्यधामातील रोग्यांचे वजन अधिक वाढले, हे खरे. परंतु रोग आटोक्यात येण्याच्या दृष्टीने दोन्ही गटांत मोठे अंतर नव्हते. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तर ते अंतर जवळजवळ नाहीसेच झाले. तेव्हा रोग शांत असलेल्या रोग्यांचे प्रमाण घरच्या गटात ९० टक्के आणि आरोग्यधामाच्या गटात ८९ टक्के होते. घरातील माणसांना होणाऱ्या संसर्गाचे प्रमाणही, रोगी घरी राहिला म्हणून, अधिक आढळले नाही. निदान होण्यापूर्वीच रोग्याच्या निकट सहवासात जो संसर्ग व्हावयाचा तो होऊन गेलेला असतो आणि औषध सुरू झाल्यावर रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, हा त्याचा अर्थ.

या निष्कर्षाचे मोल नीट ध्यानात घेतले पाहिजे. ‘दोन उपचारांत फरक आढळला नाही’ हे वाक्य वाचून अनेकांना वाटते की, संशोधनातून काहीच निष्पन्न झाले नाही. मद्रासमध्ये हाच ‘फरक नसणे’ लक्षावधी रोग्यांच्या मुक्तीचे कारण ठरला. ज्या मजुराला वर्षभर घर सोडणे म्हणजे कुटुंबाची उपासमार होती, ज्या मातेला तान्हे मूल मागे ठेवून आरोग्यधामात जाणे अशक्य होते, त्यांना या फरक नसण्यानेच बरे होण्याचा मार्ग मोकळा झाला. जगभरातील क्षयनियंत्रणाचे धोरण त्यामुळे पालटले आणि आरोग्यधामे हळूहळू बंद होत गेली किंवा निराळ्या कामास लागली. संस्थांच्या दृष्टीने पाहता यात एक प्रकारचे धैर्यही होते. ज्या व्यवस्थेवर वैद्यांची प्रतिष्ठा आणि सरकारचा पैसा खर्ची पडला होता, ती व्यवस्था अनावश्यक ठरण्याचा संभव पत्करूनच हा प्रश्न विचारला गेला होता.

अशा प्रयोगांविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो सहृदय माणसांकडूनच घेतला जातो. जिवंत माणसाचा उपचार यदृच्छेने ठरविणे ही निर्दयता नव्हे काय, असा तो आक्षेप आहे. याचे उत्तर नीतीच्या भाषेतच दिले पाहिजे. दोन उपचारांपैकी कोणता बरा हे जेव्हा खरोखर ठाऊक असते, तेव्हा उणा उपचार देणे हा अपराधच होय, आणि असा प्रयोग कोणी करू नये. परंतु ते ठाऊक नसताना, ठाऊक असल्याच्या आविर्भावात हजारोंना एकच उपचार देत राहणे, हाही एक प्रयोगच असतो. त्यात तुलना नसते, नोंद नसते आणि रोग्याची संमतीही नसते. म्हणून त्यापासून कोणी काही शिकत नाही. उघडपणे केलेला, रोग्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेला आणि वेळीच थांबविता येणारा प्रयोग त्या निनावी प्रयोगापेक्षा केव्हाही अधिक माणुसकीचा आहे.

मद्रासच्या या यशाची एक बाजू मात्र देशाने पुरेशी लक्षात घेतली नाही. घरी राहणाऱ्या रोग्यांना औषधाच्या पुड्या देऊन सोडून दिलेले नव्हते. त्यांना ठरावीक दिवशी केंद्रात बोलावले जाई. न कळविता त्यांच्या घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. औषध पोटात गेले की नाही हे पाहण्यासाठी लघवीची तपासणी होई. रोगी आला नाही तर केंद्राचा माणूस त्याच्या दारी जाई. म्हणजे आरोग्यधामाच्या भिंती काढून टाकल्या, तरी त्या भिंतींच्या आत असणारी दक्षता रोग्याच्या उंबऱ्यापर्यंत नेली गेली होती. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तेव्हा घरगुती उपचाराचे तत्त्व स्वीकारले गेले. कारण ते स्वस्त होते. दक्षतेचे तत्त्व कागदावर राहिले. कारण त्याला माणसे लागत होती आणि माणसांना पगार द्यावा लागत होता. बरे वाटू लागताच औषध सोडणारे रोगी, अर्धवट उपचारांमुळे औषधांना दाद न देणारे जंतू आणि वर्षानुवर्षे रेंगाळणारा रोग, अशी त्याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली. मुंबईसारख्या शहरांत औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे जे संकट पुढे उभे राहिले, त्याची पाळेमुळे बऱ्याच अंशी या निष्काळजीपणात आहेत. संशोधनाचा निष्कर्ष अर्धा उचलणे हे तो मुळीच न उचलण्याइतके, किंबहुना त्याहूनही अधिक, घातक ठरू शकते.

मद्रासच्या केंद्राने स्वतःच्याच मतांची पुनःपुन्हा परीक्षा केली, ही त्याच्या इतिहासातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट होय. औषध रोज घेतले जात नाही असे दिसताच, ते आठवड्यातून दोनदाच, परंतु दुसऱ्याच्या समक्ष द्यावे काय, या प्रश्नाचा शोध तेथे घेतला गेला आणि १९६४ मध्ये त्याचे अनुकूल उत्तर प्रसिद्ध झाले. देखरेखीखाली अधूनमधून औषध देण्याच्या पुढील पद्धतींचा उगम येथे आहे. भारताच्या सुधारित कार्यक्रमात अनेक वर्षे आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत रूढ होती. तथापि ही पद्धत सर्वांनाच लागू पडते काय? एच. आय. व्ही. आणि क्षय हे दोन्ही रोग एकाच वेळी जडलेल्या ३३१ रोग्यांवर तामिळनाडूतच एक प्रयोग झाला. रोज औषध घेणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांना आणि आठवड्यातून तीनदा घेणाऱ्यांपैकी ७७ टक्क्यांना अनुकूल फळ मिळाले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात दिसून आले. औषधाला दाद न देणारे जंतू उद्भवण्याची भीतीही तीनदा औषध घेणाऱ्यांतच खरी ठरली. हा प्रयोग १९५६ च्या त्याच केंद्राच्या वारस संस्थेने केला होता. २०११ पासून ती राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. २०१७ पासून देशाने रोज औषध देण्याची पद्धत स्वीकारली. ज्या संस्थेने एका कल्पनेला जन्म दिला, तिनेच त्या कल्पनेची मर्यादा दाखवून द्यावी, याहून शास्त्रीय वृत्तीचे चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

तांबरमच्या आसपासचा चेंगलपट्टू जिल्हा दुसऱ्याही एका धैर्याच्या प्रयोगासाठी स्मरणीय आहे. बी. सी. जी. लस प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून वाचविते काय, हे पाहण्यासाठी १९६८ पासून तेथे अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. पहिले निष्कर्ष १९७९ मध्ये आणि पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांतील संसर्गजन्य फुप्फुसक्षयापासून या लसीने संरक्षण दिल्याचे आढळले नाही. बालकांतील मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांना ही लस आवर घालते, म्हणून ती नवजात अर्भकांना दिली जाते व द्यावीही. परंतु केवळ लसीच्या बळावर देशातून क्षय हटेल, ही आशा या प्रयोगाने मोडली. आशा मोडणारा निष्कर्ष दडवून न ठेवता प्रसिद्ध करणे हे संशोधकाचे कर्तव्य असते. ते येथे पार पडले.

प्रश्न नेमका विचारणे किती महत्त्वाचे असते, हे आहाराच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. मद्रासच्या पहिल्या प्रयोगाच्या आधारे १९६१ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, योग्य औषधे नियमित मिळाल्यास रोग्याचा आहार निकृष्ट असला तरी त्याचा रोग शांत होतो. हा निष्कर्ष खरा होता आणि त्या काळी तो हवाही होता. कारण ‘आधी दूध-अंडी आणा, मग औषध घ्या’ असे गरिबाला सांगणे म्हणजे त्याला मरणाच्या दारी उभे करणे होते. परंतु त्यावरून पुढे अनेकांनी असा अर्थ काढला की, क्षयाच्या बाबतीत अन्नाला फारसे महत्त्व नाही. प्रयोगाने हे सांगितलेच नव्हते. औषध घेणाऱ्या रोग्याचा रोग शांत होणे हा एक प्रश्न. त्याच घरातील अर्धपोटी माणसाला रोग होऊ न देणे हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे रीतसर उत्तर मिळण्यास जवळजवळ साठ वर्षे लागली. मंगळूरच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुराग भार्गव आणि त्यांचे सहकारी, तसेच चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था यांनी मिळून झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रोगी आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे यांचा अभ्यास केला. रोग्यांना सर्वत्र शिधा दिला गेला. काही भागांत घरातील इतर माणसांनाही धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे सहा महिने पुरविण्यात आली. कोणत्या भागाला हा शिधा मिळावा हे येथेही यदृच्छेनेच ठरले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर तपासणीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसक्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. एखाद्या लसीने इतके यश दिले असते तर जगभर तिचा जयजयकार झाला असता. हे यश तांदूळ आणि डाळ यांनी दिले. १९६१ चा आणि २०२३ चा, हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

आता वैद्यकीय महाविद्यालयांकडे वळावे. आपल्याकडे पदव्युत्तर पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. दरवर्षी असे हजारो प्रबंध लिहिले जातात. त्यांतील फार मोठा भाग परीक्षेनंतर कपाटात जातो आणि तेथेच राहतो. थोडे रोगी, तोकडा कालावधी आणि आधीच उत्तर मिळालेला प्रश्न, ही त्यांची नेहमीची लक्षणे. परंतु हे अटळ नाही, याचे उदाहरण मद्रासमध्येच आहे. १९८५ च्या अखेरीस मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एक विषय सुचविला : एड्सचे विषाणू भारतात पोहोचले आहेत काय? हा रोग पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे तो असावयाचाच नाही, असे त्या काळी बहुतेकांना वाटत होते. निर्मला यांनी ज्या स्त्रियांकडे समाज पाठ फिरवितो अशांमध्ये जाऊन रक्ताचे ८० हून अधिक नमुने गोळा केले. पुरेशी साधने नसल्याने ते घरच्या शीतपेटीत साठविले. आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले. त्यांतील सहा नमुन्यांत विषाणूंच्या संसर्गाची खूण आढळली. १९८६ मध्ये या देशात एच. आय. व्ही. असल्याचे प्रथमच उघड झाले. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने देशाला जागे केले. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कन्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने एड्सग्रस्तांसाठी संशोधन व शुश्रूषा केंद्र स्थापन केले.

या शोधाची पुढची वाट पुन्हा तांबरमकडेच जाते. एच. आय. व्ही. ने ज्यांची प्रतिकारशक्ती खचविली त्यांना क्षयाने गाठले, आणि ज्यांना इतर रुग्णालये दारात उभे करीत नव्हती असे असंख्य रोगी १९९० नंतरच्या दशकात तांबरमच्या जुन्या आरोग्यधामात येऊ लागले. एड्सग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या संस्थांपैकी ती एक बनली. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने ज्या आठ शासकीय रुग्णालयांत विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला, त्यांत तांबरमचा समावेश होता. क्षयासाठी बांधलेल्या खाटांवर नवा रोग आला. परंतु रोग्याला वाळीत टाकावयाचे नाही, ही जुन्या आरोग्यधामाची शिकवण उपयोगी पडली. डॉ. मुथूंच्या कार्यातील टिकून राहिलेला भाग कदाचित हाच असेल.

महाविद्यालयांतील अध्यापकांचे म्हणणे असे असते की, बाह्यरुग्ण विभागात रोज शेकडो रोगी येतात. त्यांना तपासता तपासता दिवस संपतो. संशोधनाला वेळ कोठून आणावा? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु ज्या गर्दीची तक्रार केली जाते, तीच गर्दी संशोधनाची संपत्ती आहे. लहान देशांना जे रोगी गोळा करण्यास दहा वर्षे लागतील, ते आपल्या एका जिल्हा रुग्णालयात काही महिन्यांत येतात. उणीव आहे ती संघटनेची. दहा महाविद्यालयांतील दहा विद्यार्थ्यांनी दहा क्षुल्लक प्रश्न स्वतंत्रपणे हाताळण्याऐवजी, एकाच महत्त्वाच्या प्रश्नावर एकाच पद्धतीने नोंदी केल्या, तर दहा निरुपयोगी प्रबंधांच्या जागी एक विश्वसनीय उत्तर मिळेल. प्रयोगाची आखणी होत असतानाच संख्याशास्त्रज्ञाला सोबत घ्यावे. प्रयोग संपल्यावर त्याला आकडे नेऊन देणे म्हणजे घर बांधून झाल्यावर स्थापत्यज्ञाला बोलावण्यासारखे आहे. रोग्याचा पाठपुरावा प्रबंधाच्या मुदतीवर अवलंबून ठेवू नये. मद्रासने पाच वर्षे आणि चेंगलपट्टूने पंधरा वर्षे माणसांची साथ सोडली नाही, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. आणि फरक न आढळलेल्या प्रयोगाचा वृत्तांतही तितक्याच आदराने प्रसिद्ध व्हावा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रश्नाची निवड. ज्या यंत्रांची किंमत जिल्ह्याच्या रुग्णालयाला परवडणार नाही, त्या यंत्रांविषयीचे प्रश्न परदेशी नियतकालिकांना आवडतील; परंतु सोलापूरच्या गिरणीत काम केलेल्या, मेळघाटातील पाड्यावर राहणाऱ्या किंवा शिवडीच्या रुग्णालयाच्या दारात थांबलेल्या रोग्याला त्यांचा उपयोग किती? रोग्याला दोन खेपा कमी घालाव्या लागतील काय? खोकल्याच्या औषधावर महिना काढणाऱ्याचे निदान दुसऱ्या आठवड्यात कसे होईल? नियमित औषध घेण्यास मजुराला कोणती मदत खरोखर उपयोगी पडते : पैसा, शिधा की दारावर येणारी परिचारिका? सरकार २०१८ पासून क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देत होते आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते १,००० रुपये झाले. ही रक्कम हाती वेळेवर पडते काय आणि तिचे ताटात अन्न होते काय, हासुद्धा वैद्यकीय संशोधनाचाच प्रश्न आहे. असे प्रश्न साधे दिसतात, म्हणून त्यांना हलके समजण्याची प्रवृत्ती आहे. १९५६ मध्ये मद्रासने विचारलेला प्रश्न याहून अधिक अवघड शब्दांत मांडलेला नव्हता.

जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश आजही भारतात आहेत. या रोगावर औषध सापडून सात दशके उलटली. तेव्हा हे प्रमाण केवळ अज्ञानाचे फळ आहे, असे म्हणता येत नाही. जे कळले ते पूर्णपणे अमलात आणले गेले नाही आणि जे कळावयास हवे होते ते वेळेवर विचारले गेले नाही, ही त्याची दोन कारणे आहेत. पहिल्याची जबाबदारी शासनावर आणि समाजावर आहे. दुसऱ्याची प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांवर. तेथे शिकणाऱ्या तरुण डॉक्टराने रोज समोर येणाऱ्या रोग्याकडे पाहताना, ‘याच्यासाठी जे केले जात आहे त्याचा पुरावा काय?’ हा एक प्रश्न मनाशी बाळगला, तरी पुष्कळ साधेल. तांबरमच्या स्थानकावरील पाटीवर आरोग्यधामाचे नाव अजून आहे. निष्ठेने उभारलेली व्यवस्थाही पुराव्यापुढे बाजूला सारावी लागते आणि तीत निष्ठेचा अपमान होत नाही, एवढे त्या पाटीवरून येणाऱ्याजाणाऱ्याला उमगले, तर ते नाव तेथे राहण्याचे सार्थक होईल.